आठ भाकरींचं पीठ

मेडशीत दौलतरावांच्या प्रामाणिकपणाची एक गोष्ट सांगतात. एस.टी.त कंडक्टर असताना त्यांनी सख्ख्या मेव्हण्याला तिकीट फाडलं, इतकंच नाही तर त्यानं बहिणीसाठी आणलेल्या आंब्याच्या पोत्यालाही लगेज लावलं. मेव्हणा पुढे दोन वर्षं घरी फिरकला नाही. दौलतराव आजही म्हणतात, "आंबे गोड होते, पण नियम म्हणजे नियम." अशा माणसाच्या हातून लबाडी व्हावी आणि तीही भाकरीपायी, यावर गावात कोणाचा विश्वास बसला नसता. पण झाली. एकदा नव्हे, सलग दोन वर्षं रोज झाली.

ती उघडी पडायला निमित्त झालं बचत गटाचं. वस्तीमागची नाली तुंबली आणि साफ करायला गेलेल्या माणसांनी त्यातून काय काढलं, तर भात, पोळ्यांचे तुकडे आणि वरणाचा गाळ. गटाची अध्यक्ष संगीता ही बोलायला फटकळ आणि कामाला वाघीण. ती म्हणाली, कोणाच्या घरचं किती वाया जाते ते कोणालेच माहीत नाई, अन् जो तो दुसऱ्याच्या दाराकडं बोट दाखवते. "आधी मोजू, मंग बोलू." ठरलं असं की, सात दिवस प्रत्येक घरानं उरलंसुरलं एका डब्यात ठेवायचं आणि सकाळी कोणीतरी काटा घेऊन फिरायचं. कोणी फिरायचं, याचा विचारही करावा लागला नाही. सगळ्या बायांच्या तोंडून एकच नाव आलं. मेव्हण्याला न सोडणारा माणूस भावकीला काय सोडणार!

दौलतरावांनी लटकता काटा आणि दोनशे पानी वही घेतली. एकसष्ट घरं होती. पहिल्या दोन दिवसांतच त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. देवमनच्या घरी खाणारी नऊ तोंडं, तिथला डबा कांद्याच्या सालांवर भागायचा. आणि कोपऱ्यावरच्या लिलाबाईकडे नवरा-बायको दोघंच, पोरं सुरतेला, पण तिचा डबा काट्याला अडकवला की काटा वाकायचा. पुढच्या आळीतही तसंच. जिथं माणसं भरपूर तिथं डबा हलका आणि जिथली माणसं निघून गेली तिथं जड. असं का, हे दौलतरावांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. चोराच्या मनात चांदणं. ते खाली मान घालून आकडा लिहायचे आणि पुढच्या दाराकडे निघायचे.

स्वतःच्या घरासमोर मात्र त्यांनी सातही दिवस शून्य लिहिलं. भागिरथाचा डबा खरोखरच रिकामा असायचा. घासून पुसून उन्हात पालथा घातलेला.

आता त्या शून्याची हकीकत सांगायला हवी. दौलतराव आणि भागिरथा यांना दोन लेकरं. प्रसेनजित पुण्याकडे कंपनीत, बायको आणि पोरगी तिकडंच. पिंकी नाशकाला दिलेली. चार-पाच वर्षांमागं हे घर भरलेलं होतं आणि रोज संध्याकाळी भागिरथा आठ भाकरींचं पीठ मळायची. प्रसेनजितच्या तीन, पिंकीची दीड, बाकी दोघांच्या. साडेसहाची मालेगावची एस.टी. फाट्यावर हॉर्न द्यायची, कॉलेजातून आलेली पोरं दप्तरं फेकायची आणि चुलीसमोर बसायची. तव्यावरची भाकर पिंकीनं पळवली म्हणून भांडणं व्हायची. भाकर फुगली की आधी पापुद्रा कोणाचा, यावर तर मारामाऱ्या.

पोरं गेली, पण भागिरथाच्या हाताचं माप काही बदललं नाही. साडेसहाच्या गाडीचा हॉर्न वाजला की तिचा हात आपोआप पिठाच्या डब्यात जायचा आणि आठ भाकरींचं पीठ परातीत पडायचं. दोघांनी खाऊन खाऊन तीन खाव्यात. उरलेल्या पाच दुरडीत. सकाळी ती दुरडीवरचं फडकं उचलायची, त्या पाच भाकरींकडे बघत बसायची आणि डोळे पुसायची. दौलतरावांनी एकदाच, फार जपून म्हटलं होतं, "आता दोघायचंच पीठ घेत जाय ना." तिनं पिठाचे हात तसेच पदराला पुसले आणि म्हणाली, "मंग पोरं नाईतच असं समजू का मी?" त्या संध्याकाळी चूल पेटली नाही. दोघं उपाशी झोपले. एकतीस वर्षं भांडखोर प्रवाशांना गप्प बसवणारा माणूस, बायकोसमोर पुन्हा तो विषय काढायला धजला नाही.

मग एके दिवशी पहाटे, ती अंगण झाडत असताना, त्यांनी पाचही भाकरी फडक्यात बांधल्या आणि शेतावर निघून गेले. परत आले तर भागिरथा रिकामी दुरडी हातात धरून उभी.

"भाकरी कुठी गेल्या?"

"खाल्ल्या. न्याहारी रानातच केली. सकाळच्याले लय भूक लागून राह्यली आताशी."

तिचा चेहरा असा उजळला की पिंकीच्या बारावीच्या निकालानंतर त्यांनी तो तसा पाहिला नव्हता. "पाचबी?" तिनं विचारलं. "पाचबी," दौलतराव म्हणाले. झालं. त्या दिवसापासून दुरडी रोज रिकामी व्हायला लागली आणि भागिरथाचं रडणं थांबलं. बायकोच्या डोळ्यांतलं पाणी थांबत असेल, तर रोज एक खोटं बोलायला कोणाचं काय जातं!

जायचं ते असं. दौलतरावांची भूक दोन भाकरींची, तीही ओढूनताणून. शेतावर त्या पाच भाकरींचं करायचं काय? बैलजोडी कधीच विकलेली. शेजारच्या धरमसिंगच्या म्हशीला आठ दिवस चारल्या, तर तिचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं आणि धरमसिंगानं बांधावर उभं राहून त्यांचा उद्धार केला. पाखरांना कुस्करून टाकल्या. पाखरं तरी किती खाणार? तुम्ही म्हणाल, मग कोणा माणसाला द्यायच्या होत्या. निंदणाला येणाऱ्या बाया होत्या, रस्त्याच्या कामावरचे मजूर होते.

तेच तर जमणारं नव्हतं. दौलतरावांची आजी, धर्मांतराच्या आधीच्या दिवसांत, दारोदार जाऊन शिळे तुकडे मागून आणायची. त्याला तेव्हा हक्क म्हणत. वरून टाकलेले, पदरात झेललेले तुकडे. ती ते उन्हात वाळवायची, मडक्यात भरून ठेवायची आणि पावसाळ्यात काम नसलं की पाण्यात शिजवून लेकरांना वाढायची. दीक्षा घेऊन आले त्या दिवशी आजोबांनी ते मडकं अंगणात फोडलं. दौलतराव त्यानंतर दोन वर्षांनी जन्मले, पण ते मडकं फुटल्याचा आवाज त्यांनी आजीच्या तोंडून इतक्यांदा ऐकला होता की आपणही तिथं होतो असंच त्यांना वाटायचं. आजीनं नातवाला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. भाकर टाकायची नाही. आणि शिळा तुकडा कोणाच्या हातावर ठेवायचा नाही, मग तो कितीही भुकेला असो. द्यायचं तर ताजं द्यायचं, ताटात वाढून द्यायचं.

दुसरी गोष्ट पाळायची म्हणून दौलतरावांनी पहिली मोडली. बांधावरच्या कडुलिंबाखाली त्यांनी एक खड्डा खणला. रोज सकाळी इकडंतिकडं बघून भाकरी त्यात टाकायचे आणि वर माती ओढायचे. माती ओढताना आजीचं तोंड डोळ्यांपुढे यायचं. मग ते उगाच मोठ्यानं म्हणायचे, "माय, माफ कर." आणि घरी येऊन सांगायचे, "आज भाकर लय खमंग झालती."

तर अशी ती शून्याची कथा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आठव्या दिवशी, रविवारी दुपारी, समाजमंदिरात सभा भरली. संगीतानं वही उघडून बेरीज वाचली: सात दिवसांत एकसष्ट घरांचं एक क्विंटल शहाण्णव किलो. मग बाया बोलायला लागल्या, एकीचं ऐकून दुसरी. कणिक मळायच्या आधी घरात विचारून घ्यावं कोण जेवणार ते. उरल्या भाताच्या पापड्या घालाव्यात. वरण उरलं तर त्यात पीठ घालून धपाटे. शिळ्या भाकरीचा कुटका करावा, कांदा-मिरचीची फोडणी देऊन. यावर देवमनची सून म्हणाली, कुटका करायले आमच्या घरी भाकर उरली तं पाह्यजे! सगळ्या हसल्या.

"आता महत्त्वाचं," संगीता म्हणाली. "वस्तीत एकच घर असं आहे की जिथं सात दिवस शून्य. भागिरथामामी, उभ्या राहा. सांगा बायायले तुमी कसं करता ते."

टाळ्या वाजल्या. भागिरथा पदर सावरत उठली. चाळीस वर्षांत ती सभेत कधी बोलली नव्हती. दौलतराव दाराशी खुर्चीवर बसले होते. त्यांच्या हातातला पेन खाली पडला.

"मी काई करत नाई बापा," ती लाजत म्हणाली. "आठ भाकरी टाकतो संध्याकाळच्याले. आमी दोघं जेवतो, अन् उरल्या त्या हे सकाळी रानात नेऊन खातात. दुरडीत तुकडा उरत नाई. म्हातारपणी भूक वाढली यायची."

लिलाबाई खो-खो हसली. "आठ? अन् ह्या काडीच्या माणसाले? अवो मामी, माह्या घरी दोघात तीन सरत नाईत!"

सगळी सभा हसली आणि दौलतरावांकडे वळून पाहायला लागली. त्यांचा शर्ट हँगरवर लटकावा तसा खांद्यावर लटकत होता. भागिरथाही वळली. ती हसत होती, पण हसता हसता तिची नजर त्यांच्या मनगटावर गेली, मग गळ्यावर, मग बसलेल्या गालांवर. दोन वर्षं रोज पाच भाकरी जास्तीच्या खाणारा माणूस. ती जागच्या जागी थांबली.

"सांगा ना वो," ती हळूच म्हणाली. "खाता ना तुमी?"

"खातो ना," दौलतराव म्हणाले. "खातो म्हणून तं."

सभा पुढे सरकली. भागिरथा खाली बसली. सभा संपल्यावर ती दौलतरावांच्या पुढे झपाझप चालत घरी आली.

साडेसहाची एस.टी. फाट्यावर हॉर्न देऊन गेली. भागिरथानं पीठ घेतलं, आठ भाकरींचंच. दौलतराव ओट्यावर बसून थापण्याचा आवाज ऐकत होते. एक, दोन, तीन. आठव्या भाकरीनंतर तिनं त्यांना हाक मारली, ताट वाढलं, वांग्याची भाजी वाढली आणि भाकरींची अख्खी दुरडी मध्ये ठेवून समोर मांडी घालून बसली.

"खा."

"तू?"

"मी मंग जेवतो. तुमी खा. माह्यासमोर."

त्यांनी पहिली भाकर खाल्ली. दुसरीही खाल्ली. भागिरथानं तिसरी वाढली. "सकाळी पाच खाता म्हणता, मंग आता काहून नाई?" त्यांनी तिसरी भाजीत चुरली आणि पाण्याच्या घोटाबरोबर ढकलली. चौथी वाढली तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी तुकडा मोडला, तोंडात घातला, चावला, पण तो काही खाली उतरेना. एका गालातून दुसऱ्या गालात फिरत राहिला. आणि मग या म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, घास तोंडात असतानाच.

भागिरथानं ताट बाजूला ओढलं. "बस झालं," ती म्हणाली. "कुठी टाकता?"

त्यांनी सगळं सांगितलं. फडकं, म्हैस, पाखरं, कडुलिंबाखालचा खड्डा, आजीचं मडकं. "तुले रडताना पाहू शकत नव्हतो," ते म्हणाले. "तू पोरायसाठी थापत होती. मी म्हटलं, थापू दे. तेवढंच मन रमते तुयं."

भागिरथानं चुलीकडे पाहिलं. निखाऱ्यांवर राख धरली होती.

"पोरायसाठी थापत होतो, खरं आहे," ती म्हणाली. "पयले सहा मयने. मंग मीच ठरवलं होतं आता पुरे म्हणून. मी काय येडी आहो का? पोरं येत नाईत ते मले दिसत नाई का? दुसऱ्या दिवसापासून तीनच टाकणार होतो. अन् त्याच दिवशी दुरडी रिकामी दिसली. तुमी म्हटलं, खाल्ल्या. मले वाटलं, माह्या पोरायची भूक ह्या माणसाच्या पोटात आली. वाटलं, चला, कोणी तं खाऊन राह्यलं त्यायच्या वाटचं." तिनं कंबरेवर हात ठेवला. "दोन वर्सं झाले, मी तुमच्यासाठी थापून राह्यलो. माही कंबर मोडते आठ भाकरी थापून. एक दिवस बोललो नाई."

ती दौलतरावांसाठी थापत होती आणि ते तिच्यासाठी मातीत पुरत होते. मधल्या मध्ये खाणारं कोणीच नव्हतं. घरात दोनच माणसं आणि त्यांनाही एकमेकांना साधं विचारता येऊ नये, याला काय म्हणावं!

मग भागिरथा रडली. दोन वर्षांचं साचलेलं रडणं होतं ते, लवकर संपलं नाही. या वेळी दौलतरावांनी ते थांबवायचा प्रयत्न केला नाही. तेही शेजारी बसून रडले. पोरांची नावं घेऊन रडले.

सकाळी ती म्हणाली, मले तो खड्डा पाह्यचा आहे. दोघं शेतावर गेले. कडुलिंबाखाली तिनं पायानं माती सारली. खाली ओलसर काळी माती, मुंग्या आणि एक अर्धी, बुरशी धरलेली भाकर. ती तिच्या हातची होती, कडेला तिची बोटं उमटलेली दिसत होती. तिनं ती उचलली नाही. पदर डोक्यावर घेऊन नुसतं बघितलं आणि म्हणाली, "आजेसासूबाईनं पाह्यलं असतं तं?" दौलतराव म्हणाले, "आजी रोज पाह्यत होती." मग दोघांनी मिळून तो खड्डा बुजवला.

परतताना दौलतराव संगीताच्या दारात थांबले आणि वही मागितली. स्वतःच्या घरासमोरची सात शून्यं एकेक करून खोडली आणि समोर खरा आकडा लिहिला. भाकरीचं वजन काट्यावर आधीच करून आणलं होतं. माणूस शेवटी कंडक्टर. आकडा बघून संगीताचे डोळे मोठे झाले. सगळ्या वस्तीत पहिला नंबर होता.

"मामा, हे असं कसं झालं?"

"आमच्या घरी माणसं कमी आहेत ना बाई," दौलतराव म्हणाले. तिनं पुढे विचारलं नाही. तिच्याही घरात एक खोली बंद होती.

त्या संध्याकाळी भागिरथानं तीन भाकरींचं पीठ घेतलं. चुकून जास्त पडलं ते मुठीनं परत डब्यात टाकलं. अडीच खाल्ल्या, अर्धी उरली. रात्री दुरडी रिती ठेवू नये असं तिची माय सांगायची. दौलतराव एरवी तिला अंधश्रद्धा म्हणून चिडवायचे, या वेळी त्यांनीच दुरडीवर फडकं टाकलं. सकाळी त्या अर्ध्या भाकरीचा तिनं कुटका केला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला. ते खायला लागले, तर ही समोर गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसलेली.

"खातो ना वं. काय पाह्यतेस पोलिसावाणी?"

"पाह्यतो," ती म्हणाली. "आता रोज पाह्यणार."

पुढच्या रविवारी प्रसेनजितचा फोन आला. दर रविवारी येतो तसाच, पाच मिनिटांचा. जेवलीस का, बाबाची तब्येत, इकडं पाऊस आहे. एरवी भागिरथा सगळ्याला हो हो म्हणायची आणि फोन ठेवायची. कधी येतोस, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. विचारलं की नाही म्हणायचं त्याला जड जाईल म्हणून, आणि ऐकणं तिला जड जाईल म्हणूनही. या वेळी तो फोन ठेवायला लागला, तशी ती म्हणाली, "बापू, थांब. तुले यायचं असलं तं आदल्या दिवशी फोन करत जाय."

"काहून माय? काई झालं का?"

"झालं काई नाई. तुया वाटच्या तीन भाकरीचं पीठ जास्तीचं घ्या लागते. आता मी रोज नाई घेत."

तिकडं मागं कुठेतरी नात हसत होती, टीव्ही चालू होता. मग तो म्हणाला, "म्हणजे तू आतापर्यंत..." आणि तिथंच थांबला. पुन्हा त्याचा आवाज आला, लहानपणी ताप आला की यायचा तसा. "सांगतो माय. आदल्या दिवशी सांगतो."

त्यानंतरच्या एका संध्याकाळी चुलीवर तवा तापत होता. दौलतराव ओट्यावर बसले होते. फाट्यावर साडेसहाची एस.टी. थांबली आणि तिनं हॉर्न दिला. भागिरथाचा हात पिठाच्या डब्यात होता, तो तसाच थांबला. दौलतरावांनीही मान वर केली. गाडीतून कोणी उतरलं असेल, कोणाचं तरी लेकरू घराकडे चालत निघालं असेल. पण ते त्यांचं नव्हतं. काल फोन आला नव्हता.

भागिरथानं तीन भाकरींचं पीठ परातीत घेतलं आणि डब्याला झाकण लावलं.